मिठाच्या जागी खोबरं

वकीलबाबांच्या तिथीला वसईजवळच्या गिरीज गावच्या घरात सकाळचं पहिलं काम ठरलेलं. मिठाचा डबा माळ्यावर चढवायचा. हाताला वळण असतं हो. फोडणी तडतडली की हात आपसूक मिठाकडे जातो आणि मग सगळंच मुसळ केरात. विनिता लग्न होऊन आली त्या पहिल्याच वर्षी तिनं आमटीत मीठ घातलं होतं. मोठ्या जावेनं, मीरावहिनीनं, ती अख्खी आमटी केळीच्या बुंध्याशी ओतायला लावली आणि वर म्हणाली, "केळीला आवडली तर पुढच्या वर्षी घड खारट येईल." तेव्हापासून डबा माळ्यावर.

तसा स्वयंपाक झकास असे. वालाचं बिरडं, केळफुलाची भाजी, आमटी, भात, वाडीतल्याच केळीची पानं. फक्त कशात मीठ नाही. पानाच्या डोक्यावर, जिथं जगात सगळीकडे मीठ वाढतात, तिथं ओल्या खोबऱ्याची एक कातळी. घरची माणसं मान खाली घालून जेवत, औषध घ्यावं तसे घास गिळत, आणि दुसऱ्यांदा कुणी काही मागत नसे. मागायचं नसतं असा नियम नव्हता. मागावंसंच वाटत नसे.

का, तर वकीलबाबांमुळे. म्हणजे काशीराम वकील, विनिताच्या नवऱ्याचे पणजोबा. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या पट्ट्यातला काळा कोट घालणारा पहिला माणूस. वसईच्या कोर्टात कुळांची भांडणं चालवता चालवता लोकल बोर्डावर गेला, तिथून लोकांनी उचलून मुंबईच्या कौन्सिलात बसवला. फेटा, छडी, साहेबांबरोबर चहा. आणि एक दिवस खाडीकाठची छोटी मिठागरं बंद करायची शिफारस आली, तिच्यावर समितीतला सभासद म्हणून याचीही सही. मिठागरं बंद. ज्यांनी मतं दिली त्यांच्याच चुली विझल्या. घरात पुढं सांगितलं जायचं ते असं: मिठागरवाल्यांनी शाप दिला, वकिला, तुझ्या जेवणाला चव राहणार नाही. वकीलबाबांनी राजीनामा दिला, मीठ सोडलं, आणि त्यांच्या मुलानं घराला दोन नेम लावून दिले. तिथीला आळणी जेवायचं आणि राजकारणाची पायरी चढायची नाही.

दोन्ही नेम बिनबोभाट चालले होते. आता विनिताच्या लेकीनं, अश्लेषानं, दुसऱ्याला हात घातला होता.

अश्लेषाही वकील. एव्हरशाईन सिटीतल्या फ्लॅटमध्ये वाढलेली, पण नाव मतदार यादीत गिरीजच्या घरावर. पाणी, नाले, खाडीतला भराव यांवर लोकांच्या बाजूनं अर्ज करता करता तिच्या डोक्यात महापालिकेची निवडणूक शिरली. अपक्ष. घरात सांगितलं तेव्हा तिचा बाप हरेश म्हणाला, "दादा म्हणतील तसं." हरेशला स्वतःचं मत नव्हतं असं नाही. ते तो लहानपणापासून मोठ्या भावाकडे ठेवायला देत आला होता. आणि दादा, म्हणजे विनिताचे मोठे दीर कृष्णाभाऊ, झोपाळ्यावरून न उठता म्हणाले होते, "उभी राहा ना. मी कोण अडवणार? तुझ्याच वॉर्डात मिठागराचा पाडा येतो. तिथला माणूस सूचक म्हणून आण. त्याची सही तुझ्या अर्जावर पडली की मी स्वतः हार घालीन."

नाही म्हणायची ही तऱ्हा. पाड्यावरचं कुणी पिढ्यान्‌पिढ्या या घरात आलेलं नव्हतं आणि घरातलं कुणी तिकडे गेलेलं नव्हतं. बाजारात समोरासमोर आले तर दोन्हीकडची माणसं भाजी बघायला लागत.

अश्लेषा मात्र गेली. सरळ काळूरामच्या दारात. काळूराम पाड्यातला शहाणा माणूस, मिठागर अजून राखून असलेला. त्यानं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाला, आईला विचारून सांगतो. त्यालाही दिवस लोटले. उद्या अर्ज भरायची शेवटची तारीख होती आणि आज तिथी. विनिता वरवर म्हणत होती, नाही तर नाही, वकिली काय वाईट आहे? पण पोरगी आठवडाभर धड जेवली नव्हती, आणि विनिताला आतून इतकं वाटत होतं की हे व्हावं, की त्याचं तिलाच भय वाटत होतं.

ती केळफुलाची भाजी परतत असताना अश्लेषा फोन हातात घेऊन स्वयंपाकघरात आली. चेहरा पांढरा.

"आई, काळूरामकाका येतायत. आईला घेऊन. आत्ता."

"आत्ता म्हणजे?"

"रिक्षात बसलेत. त्यांच्या आईला घर बघायचंय म्हणे. घर बघून मग सही. मी म्हटलं उद्या सकाळी या ना, तर म्हणाले, आई आजचाच दिवस म्हणते."

मीरावहिनी खोबऱ्याच्या कातळ्या करत होती. तिचा हात थांबला. "अगंबाई," ती म्हणाली, "म्हणजे जेवायच्या वेळेला."

झालं. ज्या माणसांनी शाप दिला, ती माणसं शंभर वर्षांनी पहिल्यांदा उंबरा ओलांडणार आणि त्यांच्यापुढे काय वाढायचं, तर तोच शाप. कृष्णाभाऊ दारात येऊन उभे राहिले. त्यांना हरेशनं सांगितलं असणार, हरेश त्यांच्या मागेच होता.

"मीरा, डबा काढ," कृष्णाभाऊ म्हणाले. "पाहुण्यांचं वेगळं काढून त्यात मीठ घाला. पानावरही वाढा. आपली लाज आपल्यापाशी. त्यांच्यासमोर तिचं ताट मांडायची गरज नाही."

"तिथीला?" मीरावहिनी म्हणाली. "आजवर कधी..."

"आजवर ते कधी आले होते?"

"दादांचं बरोबर आहे," हरेश म्हणाला.

"काका, खरं सांगून टाकू ना," अश्लेषा म्हणाली. "की आम्ही आज आळणी जेवतो, तुमच्यामुळे, म्हणजे, तुमच्यामुळे नाही, आमच्यामुळे..."

"हेच भाषण करणार आहेस का प्रचारात?" कृष्णाभाऊ म्हणाले, आणि त्यांचा आवाज वाटला तेवढा कडक नव्हता. विनितानं तेव्हा त्यांच्याकडे नीट पाहिलं. हा माणूस पोरीला अडवत नव्हता, तो घाबरला होता. उद्या भरसभेत कुणी उठून म्हणेल, तुझ्या पणजोबाच्या बापानं आमची मिठागरं बुडवली, आणि पोरगी व्यासपीठावर एकटी उभी असेल, हे तो महिनाभर डोळ्यांपुढे बघत होता.

डबा माळ्यावरून विनितानंच काढला. दोन पातेल्यांत वेगळं काढलं, मीठ घातलं, ढवळलं. फसवणूकच ती, आणि तीही फोटोतल्या वकीलबाबांच्या डोळ्यांदेखत. पण लेकीसाठी आई काय काय करते, त्यात चिमूटभर मीठ म्हणजे काय मोठंसं, असं तिनं मनाला बजावलं. मन फारसं ऐकत नव्हतं.

काळूराम पन्नाशीचा, उन्हानं रापलेला, इस्त्रीचा शर्ट घालून आलेला. त्याची आई हंसाआजी त्याच्या खांद्याएवढी. पांढरं लुगडं, काठी, आणि नजर अशी की घरात शिरता शिरता तिनं झोपाळा, तुळस, ओटी, माणसं, सगळं मोजून घेतलं. कृष्णाभाऊंनी हात जोडले. म्हातारीनं जोडले नाहीत. ती सरळ वकीलबाबांच्या फोटोपाशी गेली, काठीवर भार देऊन बराच वेळ बघत राहिली आणि मग म्हणाली, "ह्योच का तो?"

"हेच," कृष्णाभाऊ म्हणाले.

"फेटा लय मोठा हाय."

काळूराम खोकला. मीरावहिनीनं पाणी आणलं. थोडं इकडचं तिकडचं झालं. पापडीच्या रस्त्याला किती गर्दी, यंदा थंडी कशी नाहीच, केळीला भाव काय. हरेशनं मिठागर कसं चाललंय असं विचारलं आणि विचारताक्षणी जीभ चावली.

"चाललाय," काळूराम म्हणाला. "आता बांध बांधायला घेतलेत. भराववाले बसू देतील तवर करू."

"म्हणूनच मी..." अश्लेषा सुरू झाली. विनितानं डोळ्यांनीच तिला गप्प केलं. आधी जेवण.

पानं मांडली. पहिलं वकीलबाबांचं, फोटोखाली. मग पाहुण्यांची दोन, मग घरच्यांची. विनितानं स्वतः वाढलं. पाहुण्यांच्या पानांच्या डोक्यावर मीठ, घरच्यांच्या पानांवर खोबरं. इतकी लहान गोष्ट, कोण बघतंय? बिरडं, भाजी, आमटी, भात. कृष्णाभाऊ म्हणाले, "सावकाश होऊ द्या." घरच्यांनी माना खाली घातल्या आणि घास घेतले, नेहमीसारखेच.

पाहुण्यांनी घेतले नाहीत.

हंसाआजीचा हात पानाजवळ आला आणि थांबला. ती पानाकडे बघत राहिली. मग काळूरामकडे बघितलं. काळूरामनं भातात घातलेली बोटं हळूच बाहेर घेतली आणि पानाच्या कडेला पुसली. दोघांनीही हात मांडीवर ठेवले.

दुसऱ्याच्या घरी पानावर बसून न जेवणं म्हणजे काय, हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. ज्याचं मीठ खायचं नाही, त्याच्याशी नातं नाही. म्हातारी एवढी रिक्षातून आली ती घर बघायला नव्हती, हे सांगायलाच आली होती, आणि तेही आजच्या दिवशी, वकिलाच्या फोटोसमोर. अश्लेषाच्या डोळ्यांत पाणी भरलं. ती ताठ बसली, आणि ते ताठ बसणं विनिताला रडण्याहून वाईट वाटलं.

कृष्णाभाऊंनी आपलाही हात पानावरून उचलला.

"बरोबर आहे तुमचं," ते शांतपणे म्हणाले. "आमच्या घरून तुमच्यावर जे झालं, त्यावर बोलायला आम्हाला तोंड नाही. पोरीला मीच अट घातली होती. ती तुमच्या दारात आली याचा राग धरू नका. अश्लेषा, झालं समाधान?"

"काका, प्लीज."

"तू थांब, बाबा," हंसाआजी कृष्णाभाऊंना म्हणाली. पासष्टी उलटलेल्या कृष्णाभाऊंना कित्येक वर्षांत कुणी असं गप्प केलं नव्हतं. ती विनिताकडे वळली. "बाय, ह्यो मीठ कोनी वाढला?"

"मी," विनिता म्हणाली. आता खोटं बोलून तरी काय वाचणार होतं?

"कालवनात बी घातला?"

"हो. फक्त तुमच्या. आम्ही... आमच्याकडे आज घालत नाहीत."

म्हातारीनं करंगळीनं मिठाची ती चिमूट पानावरून बाजूला सारली. "मंग आमच्याच पानाव का? मिठाचे जागी खोबरा ठेवतान ना तुमी? मना तो दे."

विनितानं खोबऱ्याची ताटली पुढं ओढली.

"मना वाटला, वकिलाचे घरा इसरली का काय मानसा," हंसाआजी म्हणाली. "आज त्याचा दिस. आज आमचे पाड्यात कोनाचे घरा मीठ नाय लागत. मी घरशी सांगून आले, वकिलाचे घरा जेवते, तिथं काय चिंता नाय. आन् इथं येऊन बगते त समोर मीठ."

"पाड्यात?" कृष्णाभाऊंचा आवाज चिरकला. "पण शाप..."

"कसला शाप?"

कृष्णाभाऊंनी सांगितलं. जसं त्यांना आजोबांनी सांगितलं होतं, तसंच, शिफारस, सही, विझलेल्या चुली, तुझ्या जेवणाला चव राहणार नाही. सांगताना ते फोटोकडे बघत नव्हते. हंसाआजी ऐकत होती आणि तिचं बोळकं तोंड हळूहळू उघडत होतं. शेवटी ती काळूरामला म्हणाली, "आयकलास? ह्यांना कायच ठावा नाय."

मग ती बोलली. तिचा सासरा तेव्हा पोरगा होता, बांधावर उभा होता, त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं. सही झाली हे खरं. मिठागरवाल्यांना दुसरी जमीन देऊ असा साहेबानं शब्द दिला होता, वकिलानं त्या शब्दावर विसंबून सही केली, आणि जमीन काही आली नाही. माणसं चिडली होती, दगड गोळा करून बसली होती. हेही खरं. आणि अशात वकील एकटा बांधावर चालत आला. फेटा काढून हातात धरलेला, पायात चिखल. म्हणाला, "सही माझी आहे. मला फसवलं असं मी म्हणणार नाही, वाचून केली. मारायचं तर मारा. नाही मारलंत तर कौन्सिल सोडून परत कोट चढवतो आणि तुमची मिठागरं कोर्टातून काढतो. शेवटचं मिठागर सुटेपर्यंत मीठ खाणार नाही."

"कोनी दगड मारला नाय," हंसाआजी म्हणाली. "माजे सासऱ्याची आय पुढं झाली. तिनं घरशी खोबरा आनला, त्याचे हातान दिला. बोलली, मीठ नाय त ह्यो खा."

त्यानं ती मिठागरं सोडवली. एकेक करून, कित्येक वर्षं, ठाण्याच्या कोर्टात खेटे घालत, पैसा न घेता. काळूरामचं मिठागर त्यातलंच. एकच राहिलं, खाडीच्या तोंडावरचं, त्याचा निकाल लागायच्या आधी वकील गेला. नवस अपुरा राहिला म्हणून पाड्यानं तो आपल्याकडे घेतला. तिथीला आळणी जेवायचं, मिठाच्या जागी खोबरं.

"मग आमच्या आजोबांनी आम्हाला असं का..." हरेशनं कधी नव्हे ते स्वतःहून तोंड उघडलं.

"तुमचा आजा तवा मुंबयला होता, आदी शिकाया, मंग नोकरीला. बाजारात काय आयकला असंल ता खरा धरला. बापाला इचारायला लाजला असंल," म्हातारी म्हणाली. "आमी काय समजलो? वकिलाची मानसा शिकली, मोठी झाली, आता आमचेकडं बगत नाय. माजी सासू सांगं, आपून कशाला जायाचा? त्यांना गरज असंल तवा येतील."

म्हणजे इतकी वर्षं एक घर तोंड लपवत बसलं आणि एक पाडा वाट बघत बसला. आणि दोन्हीकडे त्याच दिवशी, त्याच रीतीनं, बेचव जेवण. विनिताला हसू येतंय की रडू, तिचं तिलाच कळेना. मीरावहिनीनं तर पदर तोंडाला लावला होता. कृष्णाभाऊ उठले, हात धुतले आणि येऊन हंसाआजीच्या पायांवर डोकं ठेवलं.

"ऊठ रं," म्हातारी म्हणाली. "आन् ही पानं उचला. भूक लागलीय."

विनितानं पाहुण्यांची पानं उचलली, नवी मांडली. घरच्या पातेल्यातलं, आळणी, वाढलं. पानाच्या डोक्यावर खोबऱ्याची कातळी ठेवली. हंसाआजीनं पहिला घास घेतला, चावला, मान डोलावली.

"बरा झालाय," ती म्हणाली. "मिठाबिगार जेवढा होतो तेवढा." आणि तिथीच्या जेवणाला त्या घरात पहिल्यांदा सगळे हसले.

जेवता जेवताच काळूराम अश्लेषाला म्हणाला, "कागद कुठं हाय? हात धुतले का सही करतो."

"थांब," हंसाआजी म्हणाली. म्हातारी अश्लेषाकडे वळली. "पोरी, उद्या तू निवडून गेलीस, तिथं तुजेपुढं कागद येतील. सही कर, सही कर, सगले बोलतील. ज्या कागदाव आमचा नाव असंल, आमची खाडी असंल, तो आदी बांधाव घेऊन ये. आमाला वाचून दाखव. मंग सही. कबूल हाय?"

"कबूल," अश्लेषा म्हणाली.

"तसा नाय. तुजा काका बोलूदे. ह्यो घरचा मोठा."

सगळ्यांची नजर कृष्णाभाऊंकडे गेली. एवढं सगळं होऊनही हा माणूस नाही म्हणू शकत होता. नेम म्हणजे नेम म्हणून त्यानं आयुष्य काढलं होतं.

कृष्णाभाऊंनी पुतणीकडे बघितलं. मग फोटोकडे, फेट्याकडे. "नाही वाचून दाखवलंन," ते हंसाआजीला म्हणाले, "तर मला बोलवा. मी तिला कानाला धरून बांधावर आणीन."

विनिताचा जीव भांड्यात पडला. अश्लेषानं डाव्या हातानं तिचा हात घट्ट धरला, आणि हरेश, दादांना न विचारता, म्हणाला, "उद्या मी रजा टाकतो. अर्ज भरायला मीही येतो."

विनिता आमटीचं भांडं उचलून आत निघाली होती, एवढ्यात मागून हाक आली.

"विनिता."

ती वळली. कृष्णाभाऊ पानावरचं शेवटचं शीत पुसून घेत होते. खोबऱ्याची कातळीसुद्धा संपली होती.

"बिरडं आहे का अजून?" त्यांनी विचारलं. "आपल्यातलंच वाढ. आळणी."